जुन्या ट्रॅक्टरचा गंजलेला मॅनिफोल्ड

टायर, बॅटरी आणि नांगराचे फाळ यांची काळजी घेण्यास शेतकरी बंधूंस सांगावें लागत नाहीं. परंतु इंजिनच्या हेडाला चिकटलेल्या ज्या बिडाच्या नळांतून धूर सायलेन्सरकडे जातो, त्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे तो फुटून फट्‌फट् वाजूं लागेपर्यंत कोणाचें लक्ष जात नाहीं. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यांत पैठण, गंगापूर, कन्नड, सिल्लोड या बाजूंस वीस-पंचवीस वर्षें चाललेले ट्रॅक्टर आजहि शेतांत दिसतात. नव्याचें कर्ज अंगावर घेण्यापूर्वीं जुनाच आणखी कांहीं हंगाम चालवितां आला तर कोणास नको आहे? म्हणून या दुर्लक्षित भागाविषयीं थोडें विस्तारानें लिहितों.

हा नळ गंजतो कां, हें प्रथम पाहूं. डिझेल जळतांना धुराबरोबर पाण्याची वाफहि उत्पन्न होते. इंजिन चांगलें तापलेलें असेल तर ती बाहेर निघून जाते. परंतु गोठ्यापासून विहिरीपर्यंत दहा मिनिटें ट्रॅक्टर नेऊन बंद केला, कीं ती आंतल्या आंत पाणी होऊन बसते, आणि इंधनांतील गंधकामुळें त्या पाण्यास आम्लपणा येतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचें इंधन देशभर लागू झाल्यावर डिझेलमधील गंधक दशलक्ष भागांत दहा भागांपर्यंत खालीं आलें. जुन्या नळांनीं मात्र त्यापूर्वींचीं वर्षें सोसलेलीं आहेत. त्यांत पावसाळ्याची भर. बॉनेटावर उभ्या असलेल्या सायलेन्सरच्या तोंडावर झांकण नसलें, तर मृगाचा पाऊस सरळ खालीं उतरतो. उलट नांगरटीच्या वेळीं हाच नळ शेंकडों अंश तापतो, लांबीनें वाढतो आणि संध्याकाळीं पुन्हां आकसतो. ही ओढाताण सर्वांत अधिक टोंकांच्या स्टडांवर येते. म्हणून बहुधा तेच आधीं तुटतात.

यांत नुसत्या आवाजाचा प्रश्न असता तर हा लेख लिहिला नसता. फुटक्या सांध्यांतून निघणारा तप्त धूर शेजारच्या डिझेलच्या नळीवर किंवा वायरींवर खेळत राहतो, आणि मळणीच्या खळ्यावर त्याच वाटेनें एखादी ठिणगी भुशांत पडते. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां जळालेल्या कडब्याच्या पंचनाम्यांच्या नकला मीं पुष्कळ उतरल्या. आगीच्या कारणापुढें बहुधा ‘अज्ञात’ एवढाच शब्द असे. मळणीयंत्राला जोडलेला ट्रॅक्टर गंजीपासून किती हातांवर उभा होता, हें लिहिण्याचा प्रघात नव्हता. बंद शेडांत असें इंजिन चालवूं नये, हें वेगळें सांगणें नको. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो.

दोष ओळखणें सोपें आहे. सकाळीं थंड इंजिन चालू करून कान द्यावा. टक्‌टक् आवाज येऊन इंजिन तापल्यावर तो मंदावला, तर सांधा गळतो असें समजावें. धातु फुगून फट बुजते म्हणून आवाज कमी होतो. हाच आवाज टॅपेटचा समजून त्यांची जुळणी करण्यांत पैसे घालविणारे लोक आहेत. जोडाजवळ काजळीचा काळा पंखा उमटलेला दिसला, कीं शंका उरत नाहीं.

आतां खरें कठीण काम, म्हणजे नट सोडविणें. मॅनिफोल्ड गेला तर नवा मिळेल. पण स्टड हेडांत तुटला तर एका दिवसाच्या कामाचा पंधरवडा होतो. आमच्या भागांतील एका कास्तकाराच्या घरीं ऐन पेरणींत असेंच झालें. मिस्त्रीनें पान्यास चार फूट लांब पाइप लावून जोर केला आणि एकामागून एक तीन स्टड मोडले. हेड उतरवून शहरांत न्यावें लागलें, आणि तोंवर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्यानें आणून सरकी टोबावी लागली. मिस्त्री अडाणी नव्हता. त्यास घाई होती.

घाई टाळावयाची तर काम हंगाम संपल्यावर काढावें. तारेच्या ब्रशानें आटे स्वच्छ करून गंज सोडविणारें तेल चार-पांच दिवस रोज संध्याकाळीं सोडावें. मधून इंजिन तापवून थंड होऊं द्यावें, म्हणजे तेल आंत ओढलें जातें. तोंड उघडा पाना न वापरतां नटावर घट्ट बसणारा रिंग पानाच घ्यावा. प्रथम नट किंचित आवळावा, मग सोडवावा. पाव फेरा पुढें, पाव फेरा मागें, वर तेल. करकर वाढली कीं थांबावें. एवढ्यानेंहि न सुटल्यास नटास गॅसच्या ज्योतीनें ताप द्यावा, परंतु त्यापूर्वीं बॅटरी काढावी, डिझेलच्या नळ्या व टाकी दूर करावी आणि पाण्याची बादली जवळ ठेवावी. तरीहि स्टड तुटलाच आणि बोटभर बाहेर राहिला, तर त्यावर नवा नट वेल्ड करून फिरवावा. त्या उष्णतेनेंच पुष्कळदां तो सुटतो. आंत तुटला असेल तर अचूक मध्यावर भोक पाडावें लागतें, आणि तें काम लेथवाल्याकडेच द्यावें हें बरें.

फुटलेला मॅनिफोल्ड वेल्ड करावा कीं नवा घ्यावा? बीड वेल्ड करण्यास निकेलची कांडी, आधीं सगळा भाग तापविणें आणि नंतर राखेंत पुरून सावकाश निवविणें, एवढें सगळें लागतें. रस्त्याकडेच्या दुकानांत हें होत नाहीं. डागाशेजारींच दुसरी चीर पडते. एक लहान चीर असेल तर वेल्डिंग ठीक. आंतून खपल्या निघत असतील तर नवाच बसवावा. इंग्लंडांत १९६२ ते १९८० या काळांत निघालेली एम.जी.बी. ही दोन आसनांची शर्यती थाटाची मोटार बाळगणारे लोक बिडाचा नळ काढून वांकविलेल्या पोलादी नळ्या बसवितात. हौसेला मोल नसतें. नांगराला त्याचा उपयोग नाहीं. मात्र त्या इंजिनांत हवा आंत घेणारा व धूर सोडणारा असे दोन्ही मॅनिफोल्ड एकाच स्टडांवर दाबलेले असल्यामुळें दोहोंची जाडी सारखी आहे कीं नाहीं, हें ते काळजीपूर्वक मोजतात. मोजण्याची ती संवय आपण घ्यावी.

कारण जुना नळ बहुधा वांकलेला असतो. सपाट पट्टी तोंडांवर आडवी धरून खालीं फिलर गेज घालून पाहावा. फट आढळली तर सर्व तोंडें एकाच वेळीं ग्राइंडिंग करून घ्यावींत. चिकलठाणा, वाळूज किंवा रेल्वे स्टेशन औद्योगिक वसाहतींत हें काम होतें. पॅकिंग नवें घालावें, स्टड व नट नवे घ्यावे आणि आट्यांना तांब्याचें ग्रीस लावावें. आवळण्यास मध्यापासून आरंभ करून टोंकांकडे जावें. एकदम न आवळतां तीन खेपांत, पुस्तिकेंत दिलेल्या मापानें. पहिल्या दिवसाच्या कामानंतर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पुन्हां एकदां पाना फिरवावा. सायलेन्सरचा आधाराचा पट्टा तुटका असेल तर तोहि बसवावा, नाहींतर त्याचें सगळें वजन नव्या नळावर हलत राहतें.

जुना नळ भंगारांत देऊं नये. पिंजोर येथील एच.एम.टी.च्या कारखान्यांत १९७१ पासून निघूं लागलेल्या झेटर ट्रॅक्टरांसारख्या यंत्रांचे सुटे भाग आतां कंपनीकडून मिळत नाहींत. तो ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास केंद्र सरकारनें २०१६ सालीं मंजुरी दिली. अशा वेळीं कोल्हापूरकडील ओतकामाच्या कारखान्यांतून भाग ओतून घेतां येतो, आणि त्यास नमुना म्हणून आपला जुना, फुटका, पण सर्व तुकड्यांसह जपलेला नळच लागतो. बीड निवतांना शेंकडा सुमारें एक या प्रमाणांत आकसतें. तेव्हां फर्मा तेवढा मोठा धरावयास ओतणाऱ्यास सांगावें, आणि स्टडांच्या भोकांमधील अंतरें हेडावरून मोजून कागदावर लिहून द्यावींत.