शिष्यवृत्तीच्या बदल्यात लोकसेवा : सायबर सुरक्षेचे शिक्षण आणि भोपाळचा दाखला

डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील 'ई-नगरपालिका' या संगणकप्रणालीवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला. या एकाच प्रणालीवर राज्यातील ४०० हून अधिक नागरी संस्थांचा कारभार चालत असल्याने करभरणा, दाखले, परवाने ही नित्याची कामे खोळंबली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये भोपाळमधील एका व्यावसायिकाला तोतया अधिकाऱ्यांनी 'डिजिटल अटके'च्या धाकाने स्वतःच्याच घरात तासन् तास संगणकासमोर बसवून ठेवले. राज्याच्या सायबर पोलिसांनी घरी पोहोचून त्याची सुटका केली. या दोन्ही घटनांतून एकच प्रश्न पुढे येतो. शासनाच्या सेवेत सायबर सुरक्षेची जाणकार माणसे पुरेशा संख्येने कशी येतील आणि येऊन टिकतील कशी? खाजगी कंपन्यांचे वेतन शासन देऊ शकत नाही, हे उघड आहे. त्यावर जगात एक उपाय अवलंबला गेला आहे : विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा खर्च शासनाने करायचा आणि त्या बदल्यात विद्यार्थ्याने ठराविक काळ शासकीय सेवा करायची. या व्यवस्थेचे स्वरूप, तिचे लाभ आणि तिच्यातील धोके यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अमेरिकेतील योजना

या पद्धतीचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील 'सायबरकोअर : स्कॉलरशिप फॉर सर्व्हिस' ही योजना. २००१ मध्ये पहिल्या संस्थांना तिचे अनुदान मिळाले. त्यात टल्सा विद्यापीठ, पर्ड्यू विद्यापीठ व कार्नेगी मेलन विद्यापीठ यांचा समावेश होता. योजना नॅशनल सायन्स फाउंडेशन ही संस्था राबवते. पैसा थेट विद्यार्थ्याला न देता निवडलेल्या विद्यापीठांना दिला जातो आणि विद्यापीठे विद्यार्थी निवडतात. शिक्षणशुल्काखेरीज पदवीच्या विद्यार्थ्याला वर्षाला २५ हजार डॉलर व पदव्युत्तर विद्यार्थ्याला ३४ हजार डॉलर विद्यावेतन दीर्घकाळ दिले जात असे. पुढे त्यात वाढ झाली.

अट साधी आहे. जितका काळ शिष्यवृत्ती घेतली, तितका काळ शासकीय संस्थेत सायबर सुरक्षेचे काम करायचे. बहुतेकांनी केंद्रीय खात्यांत जावे अशी अपेक्षा असते. काहींना राज्य वा स्थानिक शासनातही सेवा करता येते. पदवीनंतर नोकरी शोधण्यास साधारण १८ महिन्यांची मुदत असते. सेवा झाली नाही तर शिष्यवृत्तीचे रूपांतर कर्जात होते आणि ते फेडावे लागते.

सामुदायिक महाविद्यालयांच्या शिक्षकांनी लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट येथे आहे. प्रारंभी ही योजना मुख्यतः मोठ्या विद्यापीठांपुरती होती. २०१८ मध्ये दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांसाठी तिचा प्रायोगिक विस्तार करण्यात आला. आधी दुसऱ्या विषयात पदवी घेतलेले लोक आणि माजी सैनिक यांना त्यात स्थान देण्यात आले. सुरक्षेची सगळीच कामे संशोधकांची नसतात. नोंदी तपासणे, प्रणाली अद्ययावत ठेवणे, घटना घडल्यावर पुरावा न बिघडवता जतन करणे ही कामे नीट प्रशिक्षण घेतलेला पदविकाधारकही करू शकतो, हा विचार या विस्तारामागे दिसतो.

भोपाळमध्ये काय आहे?

सायबर शिक्षणाच्या दृष्टीने भोपाळ मागे नाही. १९६० मध्ये मौलाना आझाद यांच्या नावे स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय २००२ मध्ये राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था झाले. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय विधी संस्था विद्यापीठाने सायबर कायदा व माहिती-सुरक्षा यांचा एकत्रित पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवला आहे. केंद्रीय पोलीस प्रशिक्षण अकादमी आणि राज्य सायबर पोलिसांचे मुख्यालयही याच शहरात आहे. शिक्षणसंस्था आणि तिच्या विद्यार्थ्यांना काम देऊ शकणारे शासकीय कार्यालय, दोन्ही एकाच शहरात आहेत.

सेवेच्या अटीची शिष्यवृत्तीही या राज्यात आहे, परंतु ती सायबर क्षेत्रात नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजने'त राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत ७० टक्के किंवा केंद्रीय मंडळाच्या परीक्षेत ८५ टक्के गुण मिळवणाऱ्या, ठरलेल्या उत्पन्नमर्यादेतील कुटुंबांच्या मुलांचे उच्च शिक्षणाचे शुल्क शासन भरते. वैद्यकीय विद्यार्थ्यांना मात्र बंधपत्र द्यावे लागते. शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यास दोन वर्षे ग्रामीण सेवा, अन्यथा १० लाख रुपये. खाजगी महाविद्यालयातील विद्यार्थ्यास पाच वर्षे सेवा, अन्यथा २५ लाख रुपये, अशी तरतूद करण्यात आली. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यावर अशी सेवेची अट नाही. म्हणजे डॉक्टर गावात जावा म्हणून शासनाने पैसा आणि सेवा यांची सांगड घातली; संगणकरक्षक नगरपालिकेत यावा म्हणून तशी सांगड घातलेली नाही.

केंद्र शासनाचे प्रयत्न वेगळ्या दिशेने झाले. 'माहिती सुरक्षा शिक्षण व जागृती' हा प्रकल्प २००५ मध्ये सुरू झाला. २०१४ मध्ये त्याचा दुसरा व २०२३ मध्ये तिसरा टप्पा मंजूर झाला. २०१३ च्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणात पाच वर्षांत पाच लाख कुशल माणसे तयार करण्याचे उद्दिष्ट होते. सप्टेंबर २०२४ मध्ये पाच वर्षांत ५,००० 'सायबर कमांडो' घडवण्याची घोषणा झाली. परंतु हे कमांडो मुळात पोलीस दलांतूनच निवडले जातात. महाविद्यालयातील गरीब मुलाला शुल्क देऊन पुढे शासकीय सेवेत घेणारी ही योजना नव्हे.

बंधपत्राचा कायदा

सेवेची अट म्हणजे करार होय. १९ ऑगस्ट २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांवरील सक्तीच्या सेवेची बंधपत्रे वैध ठरवली. शासन शिक्षणावर मोठा खर्च करते, म्हणून सेवेची अपेक्षा अवाजवी नाही, असा त्यामागील विचार होता. त्याचबरोबर देशभर या बाबतीत एकसारखे धोरण असावे, अशीही सूचना न्यायालयाने केली.

शिक्षकांनी दोन कलमे माहीत करून घेणे उपयोगाचे आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही. बारावी उत्तीर्ण झालेली अनेक मुले १८ वर्षांची झालेली नसतात. अशा वेळी सही पालकाची किंवा जामीनदाराची घेतली जाते आणि रक्कम चुकवण्याचे दायित्व घरावर येते. कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी ती कमाल मर्यादा मानून न्यायालय वाजवी भरपाईच मंजूर करते. परंतु न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत किती कुटुंबांत असते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

करार दोन्ही बाजूंनी हवा

या व्यवस्थेतील खरा धोका अमेरिकेत २०२५ मध्ये दिसून आला. त्या वर्षी जानेवारीत तेथील केंद्रीय शासनाने नोकरभरती थांबवली आणि पुढे मनुष्यबळात कपात केली. सेवा करण्यास तयार असलेल्या शिष्यवृत्तीधारकांना जागाच मिळेनात. ठरावीक मुदत मात्र चालूच राहिली आणि मुदतीनंतर शिष्यवृत्ती कर्ज होण्याची टांगती तलवार त्यांच्यावर आली. विद्यार्थ्याने आपला शब्द पाळावा, पण शासनाने पद निर्माण करण्याचे बंधन स्वतःवर घेऊ नये, अशा एकतर्फी करारात नुकसान दुबळ्या बाजूचेच होते.

म्हणून मध्य प्रदेशात वा महाराष्ट्रात उद्या अशी योजना आली, तर तिच्यात पुढील बाबी असणे अगत्याचे आहे. पहिली, शिष्यवृत्तींची संख्या रिक्त वा मंजूर पदांवरून ठरवावी. दुसरी, मुदतीत पद देता आले नाही तर विद्यार्थी बंधनातून आपोआप मुक्त व्हावा. तिसरी, जितकी सेवा झाली त्या प्रमाणात दंडाची रक्कम कमी होत जावी. चौथी, आजारपण, बाळंतपण व कुटुंबातील मृत्यू यांसाठी मुदतवाढ असावी. पाचवी, नगरपालिका, जिल्हा रुग्णालये व सहकारी बँका येथील काम सेवा म्हणून धरावे, म्हणजे मुलींना व लहान गावांतील मुलांना घराजवळ सेवा करता येईल.

शिक्षकांचे काम

अशी योजना येईपर्यंत शिक्षकांनी थांबण्याचे कारण नाही. उपलब्ध शिष्यवृत्त्यांची माहिती देताना अटींचा कागद विद्यार्थी व पालक यांच्यासमोर वाचून दाखवावा. सेवेचा काळ, दंड, जामीनदाराची जबाबदारी आणि नोकरी कोण देणार, या चार गोष्टी त्यांच्या मातृभाषेत लिहून द्याव्यात. विद्यार्थ्यांना जवळच्या नगरपालिकेत किंवा सायबर पोलीस ठाण्यात काही आठवडे प्रत्यक्ष काम पाहण्याची संधी मिळवून द्यावी. १९३० या मदत-क्रमांकावर तक्रार कशी नोंदवायची हे वस्तीतील वडीलधाऱ्यांना शिकवण्याचे काम विद्यार्थ्यांकडे सोपवावे. लोकसेवेची गोडी अशा कामातून लागते. तशी गोडी लागलेला विद्यार्थी उद्या बंधपत्रावर सही करील तेव्हा आपण काय कबूल करतो आहोत हे त्याला माहीत असेल, आणि दंडाच्या भीतीपेक्षा कामाच्या ओढीने तो सेवेत राहण्याची शक्यता अधिक असेल.