दोन पिल्लांची मस्ती कुठे थांबवायची?

थंडीत गल्लीतली कुत्री व्याली की पोरं पिल्लू उचलून घरी आणतात. एकटं रात्रभर रडतं म्हणून दुसरंही येतं. थोडे दिवस गोडीत जातात. मग दहा बाय बाराच्या खोलीत अशी झटापट सुरू होते की मोरीजवळची भांडी खाली येतात, झोपलेलं बाळ दचकून उठतं आणि "भांडतायत, सोडवा रे" म्हणत कोणीतरी मध्ये हात घालतं. चावा बसतो तो बहुधा याच वेळी.

चावाचावी हा पिल्लांचा खेळच आहे. भावंडांत असताना एकाने जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ बंद पडतो. दात किती लावायचा, हे पिल्लू असंच शिकतं. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या पिल्लाचं हे शिकणं अर्धवट राहतं. म्हणून पोरांना आधी हेच सांगा, डोळे उघडले म्हणून पिल्लू आणायचं नसतं.

पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर केला, अंग सैल आहे, कधी हे खाली कधी ते, तर गुरगुर असली तरी खेळच आहे. पण अंग ताठ झालं, एकच पिल्लू सारखं दबलं जातंय, शेपटी पायांत घालून कॉटखाली पळतंय आणि दुसरं तरीही सोडत नाही, तर थांबवा. शंका असेल तर वरचढ पिल्लाला क्षणभर धरून ठेवा. दबलेलं पुन्हा खेळायला आलं तर चिंता नाही. लांब गेलं तर आजचा खेळ संपला.

जुंपली असेल तर हात घालू नका. ताट जोरात वाजवा, अंगावर चादर टाका किंवा मध्ये पाट सरकवा. मारू नका, मारलेलं पिल्लू भितं आणि जास्त चावतं. गुरगुरण्यावरूनही रागावू नका. ती पूर्वसूचना आहे, ती बंद केली तर पुढचा चावा न सांगता येतो.

खरं कारण पुष्कळदा झोपेचं असतं. लहान पिल्लाला दिवसाला अठरा-वीस तास झोप लागते. आपल्या घरात टीव्ही चालू, पोरांची ये-जा, कोणी ना कोणी त्याला उचलतंच. दमलेलं लेकरू जसं किरकिर करतं, तसं हे चावतं. दुपारी दोघांना वेगवेगळ्या कोपऱ्यात, एकाला दोरीने बांधून का होईना, निजू द्या. जेवणही वेगळ्या ताटलीत, लांब लांब. चार ते सहा महिन्यांत दुधाचे दात पडतात, तेव्हा जुन्या कापडाची गाठ ओली करून चघळायला द्या.

तरीही दात लागला, रक्त आलं किंवा नुसता ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट, तेल काही लावायचं नाही. लगेच सरकारी दवाखाना गाठा. "घरचंच पिल्लू आहे" म्हणून थांबू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. सांगितलेल्या तारखांना सगळी इंजेक्शनं पूर्ण करा. पिल्लं तीन महिन्यांची झाली की त्यांनाही रेबीजची लस द्या. पुढचा डोस कधी, ते डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या आणि कार्ड रेशनकार्डाबरोबरच ठेवा.