‘ड्रॅगनलान्स’विषयीचे मतभेद : एक भाषिक विचार

कादंबरी आणि भूमिकाखेळ अशा दोन्ही रूपांनी एकाच वेळी अवतरलेल्या अद्भुतकथांत ‘ड्रॅगनलान्स’ या अमेरिकन मालेचे स्थान महत्त्वाचे आहे. टी. एस. आर. या प्रकाशनसंस्थेने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळासाठी १९८४ साली या मालेची पहिली खेळपुस्तिका काढली. मार्गारेट वाइस व ट्रेसी हिकमन यांची पहिली कादंबरीही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. तेव्हापासून तिच्या चाहत्यांत चालत आलेले मतभेद सामान्यतः अभिरुचिभेद म्हणून बाजूस सारले जातात. परंतु त्यांपैकी प्रमुख मतभेदांचे मूळ अभिरुचीत नसून दोन भिन्न वाक्यप्रकारांत आहे, असे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

भूमिकाखेळात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो. सूत्रधार प्रसंग सांगतो, पात्राची कृती खेळाडू ठरवितो आणि तिचे फळ बहुधा फाशांवर अवलंबून असते. ‘वीर किल्ल्यात शिरला’ हे कादंबरीचे वाक्य. ‘वीर किल्ल्यात शिरला, तर पहारेकरी सावध होतील’ हे खेळपुस्तिकेचे. आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत पहिले स्वार्थातील, तर दुसरे संकेतार्थी होय. पहिल्यात घटना सिद्ध आहे, दुसऱ्यात ती साध्य आहे.

या भेदाचा पहिला परिणाम कथानकाच्या स्वरूपावर होतो. प्रारंभीच्या खेळपुस्तिकांत कादंबरीतील नायकच खेळाडूंना भूमिका म्हणून दिलेले होते. अशा पात्राला खेळात अवेळी मृत्यू आला, तर तो शक्यतो संदिग्ध ठेवावा, म्हणजे पुढे त्यास परत आणता येईल, असा नियमही होता. संकेतार्थी वाक्याला स्वार्थाचे बंधन घालण्याचाच हा प्रयत्न. कादंबरीवाचकास यात कथेची एकसंधता दिसते; खेळाडूस मात्र आपले स्वातंत्र्य हिरावले गेल्यासारखे वाटते.

दुसरे उदाहरण ‘केंडर’ या बुटक्या, निर्भय व कुतूहलग्रस्त जमातीचे. दुसऱ्याच्या वस्तू नकळत आपल्या खिशात घालणे हा तिचा स्वभाव. कादंबरीतील टॅसलहॉफ हा केंडर अनेक वाचकांचा लाडका आहे. तथापि तीच भूमिका खेळात कोणी घेतली की सहखेळाडू त्रासतात. कथेत चोरीची हानी पात्राची असते. खेळात ती ‘माझी’ होते. पुरुष बदलला की अर्थही बदलतो, तो असा.

तिसरा वाद अधिक तीव्र आहे. १९९५ सालच्या ‘ड्रॅगन्स ऑफ समर फ्लेम’ या कादंबरीच्या शेवटी देव ‘क्रिन’ हे जग सोडून जातात. पाठोपाठ १९९६ साली फाशांऐवजी पत्त्यांवर चालणारी नवी खेळपद्धती आली. पुढे २००० ते २००२ या काळातील कादंबरीत्रयीने उलगडा केला की देव गेलेच नव्हते. ताखिसिस या देवीने ते जगच चोरून अन्यत्र नेले होते. मागील विधान पुसले गेले नाही, त्याचा अर्थ मात्र पालटला. काहींना हे कथेचे पुनरुज्जीवन वाटले. मधल्या वर्षांत त्या जगात खेळलेल्या कित्येकांना, आपण जगलेली कथा मागाहून अप्रमाण ठरली असे वाटले. वादाचा विषय येथे केवळ आवडनिवड नाही. सामायिक कथेत ‘घडले’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हा आहे.

२०२२ सालच्या ‘शॅडो ऑफ द ड्रॅगन क्वीन’ या खेळग्रंथाने एक तोडगा काढला. युद्ध तेच ठेवले. परंतु खेळाडूंना कादंबरीतील नायकांपासून दूर, कालामन नगराच्या परिसरात नवी पात्रे घेऊन उतरविले. त्यामुळे सिद्ध कथेला धक्का न लावता साध्य कथेस जागा मिळते. अर्थात यानेही सर्वांचे समाधान होणे शक्य नाही. कारण ज्याला प्रसिद्ध नायकांचेच भवितव्य बदलावयाचे आहे, त्याला दूरचा परिसर अपुराच वाटणार.

अशा मतांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने म्हणून मत कोणते, हे विचारण्यापूर्वी मत देणारा या जगात वाचक म्हणून शिरला की खेळाडू म्हणून, हे विचारावे. तो भेद न पाहता केलेली मतांची गणना दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे एकाच रकान्यात मांडील.