पैसे काढले, वर्षेही गेली

आमच्या वर्गातील एका मुलीचे अब्बा जुम्याच्या नमाजनंतर घरी आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. भोसरी, पिंपरी आणि चाकण मिळून 22 वर्षे त्यांनी ठेकेदारांकडे काम केले. वय 57. म्हणाले, "सर, पुढच्या वर्षी पेन्शन किती बसेल, तेवढं बघून सांगा."

चटईवर कागद मांडले. ठेकेदार चार, पीएफचे नंबर तीन. ठेकेदार बदलला की त्यांनी पीएफ काढला होता आणि त्याबरोबर पेन्शनची रक्कमही. एकदा बहिणीच्या लग्नासाठी, एकदा घरभाड्याच्या डिपॉझिटसाठी. गरज खरीच होती. पण शिल्लक नोकरी उरली ती सहा वर्षे आणि काही महिने. पेन्शनला किमान 10 वर्षे लागतात.

"फॉर्म कुणी भरून दिले?"

"झेरॉक्सवाल्याने. सगळ्यांचे तोच भरतो."

झेरॉक्सवाला खोटे बोलला नव्हता. जी रक्कम निघते म्हणाला, ती निघालीच. मात्र त्याची कमाई निघालेल्या पैशावर असते. खात्यात राहिलेल्या वर्षांवर त्याला काही मिळत नाही, म्हणून त्या वर्षांबद्दल तो बोलत नाही. आम्हाला वाटते, आपल्या वस्त्यांत चुकीच्या माहितीपेक्षा अशा अर्ध्या माहितीनेच जास्त नुकसान केले आहे.

आता उरलेली अर्धी. पगारातून (मूळ पगार आणि महागाई भत्ता धरून) 12 टक्के कामगाराचे कापले जातात, तितकेच मालक भरतो. मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात. ही योजना 16 नोव्हेंबर 1995 पासून आहे. 2014 च्या सप्टेंबरपासून पेन्शनसाठी पगाराची मर्यादा 15,000 रुपये आहे, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त 1,250 रुपये तिकडे जातात. वयाच्या 58 व्या वर्षी हिशेब असा होतो: शेवटच्या 60 महिन्यांचा सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले 70. पगार 15,000 आणि नोकरी 10 वर्षे असेल तर महिन्याला सुमारे 2,143 रुपये. रक्कम लहान आहे, पण ती मरेपर्यंत मिळते आणि नंतर बायकोला तिचा हिस्सा मिळतो.

नोकरी सुटली आणि 10 वर्षे झाली नसतील तर फॉर्म 10सी भरतात. त्या एकाच फॉर्मवर दोन वाटा आहेत. एक, पैसे घ्या आणि ती वर्षे पुसून टाका. दुसरी, पैसे न घेता योजना प्रमाणपत्र घ्या. ती वर्षे पुढच्या नोकरीला जोडली जातात. नवी नोकरी लागलीच असेल तर जुने खाते नव्या खात्यात वर्ग करता येते. मुलीच्या अब्बांना दुसऱ्या वाटेचे नावही माहीत नव्हते.

हे सगळे फुकट सांगणारे कार्यालय आपल्या आकुर्डीतच आहे, भविष्य निर्वाह निधीचे क्षेत्रीय कार्यालय. लोक त्याच्या दारावरून जातात आणि दलालाला पैसे देतात! बिचकणे समजू शकतो. खिडकीपलीकडचा साहेब आणि त्याची भाषा, दोन्हींची भीती वाटते. पण मोबाइलवरही काम होते. नोंदवलेल्या नंबरवरून 9966044425 वर मिस्ड कॉल दिला की शिल्लक कळते. पासबुक मात्र दर दोन-तीन महिन्यांनी उघडून पाहा. पगारपत्रकावर कपात दिसते म्हणून ती भरली गेलीच असे नाही. मागच्या महिन्याची रक्कम 15 तारखेपर्यंत भरायची असते, आणि ठेकेदाराने भरली नाही तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते. हे ठेकेदार सांगणार नाही, उघडच आहे.

आपल्या लोकांची एक वेगळी अडचण म्हणजे नाव. आधारवर 'मोहम्मद', पीएफला 'मोहं.', पॅनवर 'एमडी'. 'शेख'चे इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन. अशा फरकावर दावा परत येतो. जन्मतारखेचा घोळ तर आम्हा शिक्षकांनीच घातला. दाखल करताना तारीख माहीत नसली की 1 जून लिहून मोकळे. दुरुस्ती नोकरी चालू असतानाच करून घ्यावी, कारण कंपनीची मंजुरी लागली आणि ठेकेदार निघून गेलेला असला तर त्याला शोधायचे कुठे?

वारसाचेही तसेच. लग्नाआधी अम्मीचे नाव लावले असेल तर लग्नानंतर ते नामांकन बाद ठरते, नवे करावे लागते. नोकरीत असताना माणूस गेला तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शनचा हक्क आहे, शिवाय विम्याची रक्कम. आमच्या माहितीतल्या एका घरात इद्दत संपेपर्यंत कुणी कागदाला हात लावला नाही. अदब बरोबर होती, पण फॉर्म दीर किंवा भाऊ आणून ठेवू शकला असता.

व्हॉट्सॲपवर दर काही महिन्यांनी 'किमान पेन्शन 7,500 झाली' असा संदेश फिरतो. ती मागणी आहे. त्यासाठी बुलढाण्यात पेन्शनधारकांनी 2018 च्या डिसेंबरपासून साखळी उपोषण मांडले. 2014 मध्ये किमान रक्कम ठरली ती 1,000 रुपये. वाढीची बातमी आली की आधी सरकारी आदेश मागा.

काही भाऊ म्हणतात, व्याज येते म्हणून आम्ही खाते बघतच नाही. व्याजाचे काय करायचे ते उलेमांना विचारावे. पण कापलेला पगार हा घामाचा पैसा आहे. त्याचा हिशेब न ठेवणे कुठल्या मसलकात बसते?

मुलीच्या अब्बांना पेन्शन बसणार नाही, जमा रक्कम तेवढी मिळेल. हे सांगताना आमचीच मान खाली गेली. ते थोडा वेळ गप्प बसले, मग कागद पिशवीत भरले आणि म्हणाले, "मोठा पोरगा चाकणला लागलाय. दुसरा ठेकेदार चालू आहे त्याचा. त्याला घेऊन येतो."

सोमवारी तिघे मिळून कार्यालयात गेलो. पोराचे दोन नंबर निघाले. जुने खाते नव्यात वर्ग करायचा अर्ज त्याने तिथेच मोबाइलवर भरला. ओटीपी आला तेव्हा अब्बांनी चष्मा लावून तो एकेक आकडा वाचून दाखवला.