लॅपटॉप तापतो, मांडी शेकते

आटगाव स्टेशनच्या आसपास पत्र्याची घरे अजून पुष्कळ आहेत. अशाच एका घरात गेल्या उन्हाळ्यात आम्ही गेलो होतो. मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. गादीवर बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, रोज पाच-सहा तास. तिच्या मांडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उठले होते. घरच्यांनी गजकर्ण समजून मलम लावले, पण डाग जाईनात. कारण होते लॅपटॉपची ऊब.

या डागांना डॉक्टर 'एरिथेमा अब इग्ने' म्हणतात. चुलीपुढे तासन्‌तास बसणाऱ्या बायकांच्या नडग्यांवर आणि काश्मिरात अंगाशी कांगडी धरणाऱ्यांच्या पोटावर ते पूर्वीपासून दिसत आले आहेत. साधारण 43 ते 47 अंशांची ऊब चटका देत नाही, पण रोज लागली तर कातडी बिघडवते. 2010 मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी 12 वर्षांच्या एका मुलाच्या मांडीवर लॅपटॉपमुळे आलेले असेच डाग नोंदवले. ऊब थांबली की डाग बहुधा हळूहळू फिके होतात. वर्षानुवर्षे शेक चालूच राहिला, तर क्वचित तिथे कर्करोगही होतो. म्हणून डाग जात नसेल किंवा तिथे जखम झाली असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

पुरुषांनीही जपावे. अमेरिकेत 29 तरुणांवर पाहणी झाली. तासभर लॅपटॉप मांडीवर ठेवल्यावर वृषणकोशाचे तापमान अडीच अंशांहून अधिक वाढले. शुक्राणू तयार होण्याला अशी उष्णता मानवत नाही.

लॅपटॉप तापतो का? तो जी वीज खातो, तिची जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. आतला छोटा पंखा बहुतेक लॅपटॉपमध्ये खालच्या जाळीतून हवा ओढतो आणि बाजूने किंवा मागून गरम हवा फेकतो. गोधडी, उशी, मांडी यांनी ती जाळी बंद होते. मग यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते आणि आपण म्हणतो, 'लॅपटॉप हँग झाला.' बहुतेक लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी केलेले असतात. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखाली हवा त्याहून सहज जास्त तापते.

उपाय खर्चाचे नाहीत. लॅपटॉप स्टुलावर, पाटावर किंवा लाकडी फळीवर ठेवा. मागच्या दोन कोपऱ्यांखाली बाटलीची बुचे ठेवून तो थोडा उचला. जड काम सकाळी किंवा रात्री करा. नको असलेली पाने आणि प्रोग्रॅम बंद करा. जाळीवरची धूळ लॅपटॉप बंद करून मऊ ब्रशने झाडा. चालू लॅपटॉप पिशवीत घालू नका. थंड करायला ओले फडके किंवा फ्रिज कधीच नको. आत पाणी धरते.

चार्जर उशीखाली ठेवू नका. बॅटरी फुगून तळ किंवा कळफलक वर आला असेल, तर लॅपटॉप बंद करा, चार्जिंगला लावू नका, बॅटरी दाबू किंवा टोचू नका. दुरुस्तीवाल्याकडे न्या.

त्या मुलीने आता जुना पाट घेतला आहे. दर तासाला ती पाच मिनिटे उठते. त्यात लॅपटॉप निवतो आणि पाठही मोकळी होते. हप्त्यावर घेतलेले यंत्र टिकायला हवेच. पण त्यापुढे बसणारे आपले लेकरू आधी जपायला हवे.