बुद्धिबळाच्या यंत्राला आवाज मिळाला तो अंधांच्या कॅल्क्युलेटरमधून

घणसोली गाव (नवी मुंबई) : शाळेला सुट्टी लागली की गावठाणातली पोरं मोबाइलवर बुद्धिबळ मांडतात. समोर कुणी नसलं तरी अडत नाही. पन्नासेक वर्षांपूर्वी मात्र एकट्याने शतरंज खेळायची, तर दोन्ही बाजूंच्या खेळी आपणच करायच्या!

१९७७ मध्ये अमेरिकेच्या फिडेलिटी कंपनीने 'चेस चॅलेंजर' विकायला काढलं. त्याआधी बुद्धिबळ खेळणारे कॉम्प्युटर मुख्यतः मोठ्या संस्थांमध्ये असायचे. मायक्रोप्रोसेसरची चिप आली आणि तेच काम टेबलावरच्या डब्यात मावलं. खेळी बटणं दाबून कळवायची, उत्तर लाल अक्षरांत दिसायचं, आणि यंत्राचे मोहरेही आपल्याच हाताने हलवायचे. पुढे १९७९ चा 'बोरिस डिप्लोमॅट' बॅटरीवर चालणारा, सोबत नेता येणारा. नंतर हाँगकाँगच्या सायसिस, नोवॅग या कंपन्यांनी अशी छोटी यंत्रं घरोघरी पोहोचवली.

पण खरी गंमत १९७९ च्याच दुसऱ्या यंत्रात आहे. फिडेलिटीच्या 'व्हॉइस चेस चॅलेंजर'मध्ये यंत्र आपली खेळी बोलून सांगायचं. आवाज खरखरीत, शब्द मोजकेच. ज्या चिपमधून तो यायचा, ती मुळात दृष्टिहीनांच्या बोलक्या कॅल्क्युलेटरसाठी बनली होती.

अंधांच्या बुद्धिबळाला बोलणं नवं नाही. तिथे दोघांचे पट वेगळे असतात. काळी घरं जरा उंच, मोहऱ्यांना खाली खुंटी, आणि एका रंगाच्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टोक. खेळी केली की मोठ्याने सांगायची. समोरचा ती पुन्हा उच्चारतो आणि आपल्या पटावर लावतो. म्हणजे यंत्र जे शिकलं, ते हे खेळाडू आधीपासूनच करत होते.

हाच धागा आपल्या मुंबईतही सापडतो. स्वतः दृष्टिहीन असलेले चारुदत्त जाधव यांनी अंध बुद्धिबळपटूंची अखिल भारतीय संघटना उभी केली, आणि 'टॉक६४' हे बोलणारं बुद्धिबळाचं सॉफ्टवेअरही बनवलं. मुंबईच्याच भव्य गोहिल आणि आतुर मेहता यांचा 'स्क्वेअर ऑफ' हा पट २०१६ मध्ये किकस्टार्टरवर आला. त्यात पटाखालचं चुंबक मोहरे आपोआप सरकवतं. त्याची कल्पनाही दृष्टिहीन खेळाडूंसाठी काही करावं यातूनच निघाली होती. दुर्दैवाने असा पट आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशाला परवडणारा नाही.

घरात एखाद्या मुलाला किंवा दादा-नानांना दिसत नसेल, तर सुरुवात फुकटात होऊ शकते. अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' असतं, ते पडद्यावरचं वाचून दाखवतं. 'लिचेस' या मोफत साइटवर दृष्टिहीनांसाठी वेगळी सोय आहे. तिथे खेळी टाइप करायची, आणि फोन किंवा कॉम्प्युटर समोरच्याची खेळी ऐकवतो. पहिले काही दिवस शेजारी कुणीतरी बसायला हवं, कारण घरांची नावं पाठ व्हायला वेळ लागतो.