दोन आज्ञावलींमधला करार

रेल्वेच्या आरक्षण-खिडकीवर आपण ठरावीक अर्ज भरून देतो आणि तिकीट घेतो. आतली यंत्रणा कशी चालते, हे आपल्याला ठाऊक असावे लागत नाही. संगणकाच्या एका आज्ञावलीला दुसरीकडून काम करून घेण्यासाठी अशीच खिडकी असते. तिला ‘ॲप्लिकेशन प्रोग्रामिंग इंटरफेस’, थोडक्यात ‘एपीआय’, म्हणतात. काय मागावे, कोणत्या रूपात मागावे, उत्तर कसे मिळेल, हे तिथे आधीच ठरलेले असते.

असा करार मोडला तर? ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ या यानाच्या छोट्या रॉकेटांचा आवेग एका आज्ञावलीने पौंडबल-सेकंदांत दिला. दुसरीने तो, ठरल्याप्रमाणे, न्यूटन-सेकंदांत आहे असे धरले. फरक सुमारे ४.४५ पटींचा! २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळाच्या फार जवळ गेले आणि कायमचे हरवले.

विद्यार्थिमित्रांनो, उत्तरापुढे एकक लिहायला विसरू नका!